व्यसन : पाप, अपराध आणि व्याधी

इ. स. १९५९ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ तारखेला भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. चार वर्षांपूर्वी, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, सोव्हिएत युनियनशी झालेल्या कराराचे ते दृश्य फळ होते. दुर्ग जिल्ह्यातील भाताच्या खाचरांत एक नवे नगर उभे राहत होते, आणि त्या नगराकडे नव्या भारताचे प्रतीक म्हणून साऱ्या देशाचे लक्ष लागले होते.

त्याच वर्षी, अवघ्या दोन महिन्यांच्या आत, आणखी एक घटना घडली. तिला ना उद्घाटन, ना पुष्पहार. १९४९ साली भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने असे ठरविले होते की, औषधाखेरीज इतर कारणासाठी होणारा अफूचा पुरवठा दरवर्षी थोडाथोडा कमी करीत दहा वर्षांत संपवावा. ती मुदत १९५९ च्या मार्चअखेर संपली. सरकारी परवान्याच्या दुकानात उघडपणे मिळणारी अफू एप्रिलपासून बंद झाली. अपवाद राहिला तो एकाच वर्गाचा. ज्यांचे शरीर अफूवाचून चालत नाही असा वैद्यकीय दाखला मिळाला, अशा नोंदलेल्या व्यसनी माणसांचा.

त्या नोंदवहीत ज्याचे नाव चढले तो कोण होता? कालपर्यंत तो सरकारचे गिऱ्हाईक होता, कारण अफूचा मक्ता सरकारचा आणि उत्पन्नही सरकारचे. उद्यापासून परवान्याशिवाय अफू बाळगली तर तो गुन्हेगार ठरणार होता. आणि मधल्या त्या एका रकान्यात, डॉक्टरच्या सहीमुळे, तो रोगीही ठरला होता. एकाच माणसाच्या कपाळी तीन शिक्के! घरात व गावात त्याला जे म्हणत असत तो चौथा शिक्का वेगळाच. व्यसनाधीन माणसाकडे पाहण्याचा आपल्या समाजाचा सारा इतिहास या शिक्क्यांत सामावला आहे. पाप, व्यापार, अपराध आणि व्याधी या चार कल्पना एकामागून एक आल्या. पण नवी आली म्हणून जुनी गेली, असे मात्र कधी झाले नाही.

छत्तीसगडची भूमी या इतिहासाला अपरिचित नाही. १७४१ नंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. मराठी अंमलदार, मराठी मोडीतले कागद आणि मराठी महसुलाची पद्धत या भागाने दीर्घकाळ पाहिली. येथील रानावनांत मोहाचे झाड विपुल. मोहाचे फूल गरिबाचे अन्नही होते आणि त्याची दारूही होत असे. जन्म, लग्न, मरण, देवकार्य यांपैकी कोणत्याही प्रसंगी ती वर्ज्य नव्हती. मात्र ती प्रसंगाची दारू होती. ती घरी गळे, चारचौघांत वाटली जाई आणि प्रसंग संपला की संपे.

या भूमीतच गिरौदपुरीचे गुरू घासीदास होऊन गेले. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १७५६ चा. सतनाम पंथाचा उपदेश करताना त्यांनी मद्य, मांस आणि तंबाखू वर्ज्य करण्यास सांगितले. ज्यांना समाजाने अस्पृश्य म्हणून दूर लोटले होते, त्यांच्या हाती आत्मसन्मानाचे एक साधन या निग्रहाने आले. परंतु येथेही मनुष्यस्वभावाने आपली वाट काढलीच. पुढे पंथातल्या काहींनी पानाच्या चुंगीत तंबाखू ओढणे पुन्हा सुरू केले आणि त्यांची ‘चुंगिया’ म्हणून वेगळी शाखाच ओळखली जाऊ लागली. गुरूच्या आज्ञेचे बळ मोठे, पण तलफेचे बळही लहान नसते, एवढे यातून दिसते. तरीही धर्माच्या मार्गाने जे साधले ते थोडे म्हणता येणार नाही. व्यसनमुक्ती एकट्याने होत नाही, तिला सोबत लागते, एक समाज लागतो, हे सूत्र या पंथाने आचरणातून दाखविले होते.

प्राचीन वैद्यकाची दृष्टी धर्मोपदेशाहून निराळी होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मदात्यय, म्हणजे मद्याच्या अतिरेकाने होणारा विकार, यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात त्याची लक्षणे वातपित्तकफांच्या भेदाने सांगितली आहेत आणि उपचारही दिले आहेत. मद्य सोडलेल्या माणसाने एकाएकी पुन्हा अतिपान केले तर ‘ध्वंसक’ आणि ‘विक्षय’ हे विकार उद्भवतात, असेही तेथे नमूद आहे. सोडलेले व्यसन पुन्हा जडणे ही गोष्ट त्या वैद्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. शिवाय शरीराला जडलेली अहितकर सवय एकदम न तोडता अंशाअंशाने सोडावी असा क्रम याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात सांगितला आहे. १९४९ च्या परिषदेने अफूसाठी दहा वर्षांची उतरती पायरी आखली, तिच्यामागचा विचार अगदीच परका नव्हता तर! खेद एवढाच की, वैद्याच्या पोथीतले हे शहाणपण समाजाच्या व्यवहारात उतरले नाही. वैद्य रोग म्हणत राहिला आणि समाज दुर्गुण म्हणत राहिला.

इंग्रजी अमलात व्यसनाला तिसरे रूप आले, ते महसुलाचे. अफूचा मक्ता, आबकारी, गांजाची परवान्याची लागवड ही सारी जमाखर्चाच्या वहीतली सदरे झाली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई आणि तिच्या वाटेवर संस्थानिक, सावकार, व्यापारी व कंपनी सरकार हे सारेच हात धुऊन घेत. त्याविरुद्ध इंग्लंडातील धर्मनिष्ठ लोकांनी ओरड केली तेव्हा पार्लमेंटने १८९३ साली अफूसंबंधी शाही आयोग नेमला. लॉर्ड ब्रासी अध्यक्ष असलेल्या या आयोगाने १८९५ साली अहवाल दिला. हिंदुस्थानातील बहुतेक लोक अफूचे सेवन माफक करतात, सबब बंदीची आवश्यकता नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगाचे एक सभासद हेन्री विल्सन यांनी भिन्नमत नोंदविले. माफक सेवन करणारे बहुसंख्य आहेत म्हणून न सुटणाऱ्यांचा विचारच नको, हा न्याय त्यांना पटला नाही.

याच सुमारास, १८९३-९४ मध्ये, गांजा-भांगेसंबंधीही एक आयोग बसला. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल सादर केला. या आयोगाने केलेले एक काम आजही वाखाणण्यासारखे आहे. वेड्यांची इस्पितळे गांजा पिणाऱ्यांनी भरली आहेत, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता आणि त्याला आधार इस्पितळांच्या नोंदवह्यांचा दिला जाई. आयोगाने त्या नोंदींची मुळापासून छाननी केली. तेव्हा असे उघडकीस आले की, वेडाच्या कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द पुष्कळदा वैद्यकीय तपासावाचूनच पडलेला होता. वेडसर माणसाला इस्पितळात पोचविताना पोलिसाने जो कागद भरला, त्यात कारण काहीतरी लिहावे लागे. गांजा लिहिणे सोयीचे, म्हणून गांजा लिहिला गेला. वर्षानुवर्षे हाच शब्द एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत राहिला आणि अखेर तो शास्त्रीय सत्य म्हणून मिरवू लागला. व्यसनी माणसाविषयीची आपली अनेक ठाम मते अशाच एखाद्या घाईने भरलेल्या रकान्यातून आलेली नाहीत ना, हा प्रश्न या अहवालाने कायमचा विचारून ठेवला आहे.

महाराष्ट्रातील समाजसुधारकांनी दारूचा प्रश्न फार लवकर ओळखला. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध अधिकाऱ्यांकडे लेखी निषेध नोंदविला. गुत्ता वाढला की गरिबाचे घर बसते, आणि गुत्त्यावरच्या कराची रक्कम त्या घराचे नुकसान भरून काढू शकत नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

परंतु मराठी मनावर व्यसनी माणसाची जी प्रतिमा कायमची कोरली गेली, ती एका नाटकाने. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत निवर्तले आणि त्यानंतर महिन्याभरात ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. बुद्धिमान वकील सुधाकर, त्याची पतिव्रता सिंधू आणि त्याला प्याल्याची ओळख करून देणारा तळीराम ही नावे घरोघरी झाली. या नाटकाचा बोध सामान्यतः असा सांगितला जातो की, पहिला प्यालाच घेऊ नये. तो बोध खराच. तथापि नाटकातली एक गोष्ट प्रेक्षक बहुधा विसरतात. सुधाकर दारू सोडतो. सोडून तो पूर्वीच्या मित्रांकडे, प्रतिष्ठितांकडे कामासाठी जातो आणि तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते. त्या अपमानानंतर तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. सोडलेल्या माणसाला परत येण्यासाठी दार उघडे ठेवले नाही तर काय होते, हे गडकऱ्यांनी दाखवून ठेवले होते. प्रेक्षकांनी मात्र डोळे पुसले ते सिंधूसाठी. दार बंद करणाऱ्या त्या सभ्य गृहस्थांना कोणी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही.

पश्चिमेकडे व्यसनाला रोग म्हणणारी वाणी अठराव्या शतकाच्या अखेरीस उमटली. अमेरिकेत बेंजामिन रश यांनी १७८४ साली आणि ब्रिटनमध्ये टॉमस ट्रॉटर यांनी १७८८ च्या आपल्या प्रबंधात व पुढे १८०४ च्या ग्रंथात, दारूची सवय हा वैद्यांनी हाताळावयाचा विकार आहे, असे प्रतिपादन केले. पण ती वाणी एकाकी राहिली. उलट एकोणिसाव्या शतकाने नवी संकटेच निर्माण केली. अफूतून मॉर्फीन वेगळे काढण्यात आले. १८७४ साली मॉर्फीनपासून हेरॉइन प्रथम तयार झाले आणि १८९८ साली बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले. वैद्यकाने ज्याला औषध म्हटले तेच पुढे वैद्यकासमोर सर्वांत अवघड रोग होऊन उभे राहिले.

खरे परिवर्तन घडले ते रुग्णांकडूनच. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यासक्त गृहस्थ भेटले. एक दलाल, दुसरा शस्त्रवैद्य. आपण एकमेकांशी बोललो की त्या दिवसापुरते पिणे टळते, असा अनुभव त्यांना आला. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्मली. तिची शाखा १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाली. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी संघटना बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने १९५१ साली उभी राहिली. रोग एकाला होतो, पण आजारी सारे घर पडते, ही जाणीव तिच्या मुळाशी होती. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले, आणि १९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ‘व्यसन’ या कलंकित शब्दाऐवजी ‘अवलंबन’ हा शब्द सुचविला.

यानंतर विज्ञानाने आपली भर घातली. १९५४ साली मॉन्ट्रियल येथे ओल्ड्स आणि मिल्नर यांनी दाखवून दिले की, मेंदूच्या एका विशिष्ट भागात विजेचा सूक्ष्म झटका मिळावा म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा खटका दाबीत राहतो. सुख देणारी गोष्ट परत करावी अशी प्रेरणा निर्माण करणारी यंत्रणा मेंदूत आहे, हे त्यावरून कळले. १९७३ साली अफूवर्गीय द्रव्ये मेंदूतील ज्या ठिकाणी जाऊन चिकटतात ती स्थानेही सापडली. अन्न, माया, यश यांपासून जे समाधान मेंदूला हळूहळू व मोजके मिळते, ते मादक द्रव्य एकदम व अमाप देते. मग मेंदू स्वतःला त्या महापुराशी जुळवून घेतो. तेवढ्याच मात्रेने भागत नाही, म्हणून मात्रा वाढते. द्रव्य मिळाले नाही तर शरीर बंड करते. झोप जाते, हातपाय कापतात, पोटात गोळे येतात, घाम फुटतो. आनंदासाठी सुरू झालेली गोष्ट आता केवळ यातना टाळण्यासाठी चालू राहते. निर्णय घेणारा, आवर घालणारा मेंदूचा भागही दुबळा होतो. ‘मनात आणले तर आज सोडील’ असे आप्तेष्ट म्हणतात तेव्हा ज्या मनाने ते आणावयाचे तेच मन आजारी आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविले तर झटके येऊन व भ्रम होऊन प्राणही जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाला कोंडून ठेवणे हा निर्धार नव्हे, तो धोका आहे. नशा उतरविण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास पाहिजे.

हे सारे ज्ञान प्रयोगशाळांत जमा होत असताना भिलाईच्या कुशीत एक निराळा प्रयोग घडत होता. पोलादाच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून येत असे. तेथे ठेकेदाराच्या हाताखाली हजारो स्त्रीपुरुष हातांनी खनिज फोडून वाहून नेत. त्यांपैकी पुष्कळ जण आदिवासी आणि आसपासच्या खेड्यांतले होते. १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्याच्या आरंभी पोलिसांच्या गोळीबारात अकरा जणांना प्राण गमवावे लागले. पुढे मजुरी वाढली. आणि तेव्हा संघटनेपुढे एक विपरीत सत्य उभे राहिले. वाढलेल्या मजुरीचा मोठा वाटा दारूच्या दुकानात जाऊ लागला होता. रक्त सांडून मिळविलेला पैसा घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचत नव्हता.

येथे मोहाच्या दारूचा जुना इतिहास आठवावयास हवा. प्रसंगाची दारू आता रोजची झाली होती. घरी गाळलेली जाऊन ठेकेदाराच्या दुकानातली विकत घेतलेली आली होती. गाव सुटले आणि गावाबरोबर पिण्याला वेळकाळाचे बंधन घालणारा समाजही सुटला. उरला तो कष्टाने मोडलेला देह आणि रोख पैसा. औद्योगिक नगरांत व्यसन वाढते ते माणसे अधिक पापी होतात म्हणून नव्हे. जुने बंध तुटतात आणि नवे जुळलेले नसतात, म्हणून ते वाढते.

संघटनेने दारूविरोधी मोहीम हाती घेतली. वस्तीवस्तीत बैठका झाल्या, शपथा झाल्या, पिणाऱ्यावर दंड बसला आणि स्त्रियांनी त्यात मोठा पुढाकार घेतला. दारूचा प्रश्न हा मजुरीच्या प्रश्नाइतकाच कामगाराचा प्रश्न आहे, ही भूमिका एखाद्या कामगार संघटनेने घ्यावी ही गोष्ट त्या काळी नवीन होती. याच चळवळीतून, कामगारांच्या श्रमातून आणि वर्गणीतून, ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू झाले. गोळीबारात बळी पडलेल्यांच्या स्मृतीला ते वाहिलेले होते. डॉ. बिनायक सेन, डॉ. आशीष कुंडू, डॉ. शैबाल जाना, डॉ. पुण्यव्रत गुण यांच्यासारखे तरुण डॉक्टर तेथे कामाला आले. एकीकडे समाजाचा धाक आणि दुसरीकडे समाजाने स्वतः उभारलेले रुग्णालय, अशी ही जोडी होती. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. रुग्णालय मात्र त्यांच्यामागेही चालत राहिले.

या मोहिमेचे मूल्यमापन करताना भावनेच्या आहारी जाऊन चालणार नाही. शपथ आणि दंड यांनी अनेकांचे पिणे थांबते, कारण पिणाऱ्यांपैकी बहुतेकांची अवस्था अद्याप रोगापर्यंत गेलेली नसते. परंतु जो खरोखर रोगाच्या पकडीत आहे त्याला दंड पुरत नाही. तो शपथ मोडतो, लाजतो, लपून पितो आणि ज्या समाजापुढे शपथ घेतली त्यालाच टाळू लागतो. त्याच्यासाठी दुसरी व्यवस्था लागते.

ती व्यवस्था कशी असावी याचा एक वस्तुपाठ महाराष्ट्राने दिला. १९८० नंतरच्या वर्षांत मुंबईत हेरॉइनचा एक अशुद्ध प्रकार स्वस्तात मिळू लागला. त्याला लोक ‘गर्द’ म्हणत आणि त्याच्या आहारी गेलेल्याला ‘गर्दुल्ला’. शिव्याशापांच्या यादीत या शब्दाने चटकन जागा मिळविली. डॉ. अनिल अवचट यांनी या गर्दुल्ल्यांमध्ये हिंडून त्यांचे जीवन मराठी वाचकांपुढे मांडले. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत होत्या. ते लिखाण वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. ज्यांच्या नावाने महाराष्ट्र हसत आला त्या लेखकाने रस्त्यावरच्या गर्दुल्ल्यासाठी आपली पुंजी पुढे करावी, यात समाजाला दिलेला एक मूक संदेश होता. ही माणसे आपली आहेत, हाच तो संदेश.

मुक्तांगणाने केलेली मोठी गोष्ट म्हणजे त्याने रुग्णाला माणूस म्हणून वागविले. बरे झालेले रुग्णच नव्या रुग्णांचे समुपदेशक झाले. ज्याला ‘टर्की’चे, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या हालांचे, प्रत्यक्ष ज्ञान आहे त्याच्यापुढे खोटे बोलून चालत नाही, आणि खोटे बोलण्याची गरजही उरत नाही. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाले. सिंधूने सोसत राहावे, अश्रू ढाळावेत आणि अखेर त्यातच संपून जावे, हे ‘एकच प्याला’चे चित्र होते. सहचरींच्या बैठकीत सिंधू बोलू लागली. सुनंदाबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले. काम चालू आहे.

कायद्याचे पाऊल मात्र या बाबतीत अडखळतच पडले. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा कठोर आहे आणि सेवनालाही तो शिक्षा सांगतो. तरीही त्याच कायद्यात व्यसनाधीन माणसाला न्यायालयाने तुरुंगाऐवजी उपचारास पाठवावे अशी सोय कलम ३९ मध्ये आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे, आणि शासनाने उपचारकेंद्रे काढावीत असे कलम ७१ सांगते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्ये यांच्याशी निगडित विकारांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला. कागदावर तरी व्याधीचा शिक्का आता ठळक झाला आहे.

व्यवहाराची कथा निराळी आहे. केंद्र शासनासाठी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वर्षे वयाच्या भारतीयांपैकी १४.६ टक्के मद्य घेतात असे आढळले. छत्तीसगडात हे प्रमाण ३५.६ टक्के, म्हणजे देशात सर्वांत अधिक होते. याच राज्यात २०१७ साली दारूची किरकोळ विक्री शासनाने आपल्या महामंडळाकडे घेतली. फुल्यांच्या काळचा महसुलाचा प्रश्न तसाच उभा आहे. त्या पाहणीतला आणखी एक आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले. क्षयाच्या ३८ रोग्यांपैकी ३७ जणांना औषध मिळत नाही असे कळले असते तर देशात केवढा हाहाकार उडाला असता! व्यसनाच्या बाबतीत तो उडत नाही. कारण तोंडाने रोग म्हटले तरी मनातून आपण त्याला अजून पापच समजतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. व्यसनाला रोग म्हटले की व्यसनी माणूस जबाबदारीतून सुटत नाही काय? ‘मी आजारी आहे’ म्हणून तो मोकळा, आणि घर मात्र उद्ध्वस्त, असे होणार नाही काय? शिवाय हा नुसता मेंदूचा रोग असता तर परिस्थिती बदलल्यावर तो कसा सुटतो? व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास १९७० नंतर ली रॉबिन्स या विदुषीने केला, तेव्हा मायदेशी परतल्यावर त्यांच्यापैकी बहुसंख्यांचे व्यसन सुटलेले आढळले. परिस्थितीचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद.

परंतु मधुमेहाचे उदाहरण घ्यावे. मधुमेह हा रोग आहे हे कोणी नाकारीत नाही. त्यातही आनुवंशिकता, परिस्थिती आणि स्वतःचे वर्तन या तिन्हींचा वाटा असतो. रोग झाला यात रोग्याचा अपराध असेल वा नसेल, पण पथ्य पाळण्याची जबाबदारी त्याचीच राहते. व्यसनाचेही तसेच आहे. रोग होण्याचा दोष त्याच्या माथी मारू नये, उपचार घेण्याच्या जबाबदारीतून मात्र त्याला सोडू नये. पुन्हा घसरण्याची गोष्टही अशीच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात असे दाखविण्यात आले की, व्यसनमुक्तीनंतर पुन्हा घसरणाऱ्यांचे प्रमाण रक्तदाब किंवा दमा पुन्हा उसळणाऱ्यांच्या प्रमाणाहून जास्त नाही. दमा पुन्हा उसळला तर ‘तुझ्यावर केलेला खर्च फुकट गेला’ असे कोणी म्हणत नाही. डॉक्टरला बोलावतात. घसरलेल्या माणसालाही तेवढाच हक्क आहे.

आपल्या समाजाने असे मन पूर्वी एकदा बदललेले आहे. कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जात असे. १८७३ साली हॅन्सन यांनी त्याचा जंतू शोधला, तरी १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्याला पकडून बंदिस्त ठेवता येत असे, आणि तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. मध्यंतरी चांपा येथे मिशनऱ्यांनी, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी जे केले, त्याने कायद्याच्या आधी माणसांची मने बदलली. जंतू सापडल्याने रोग समजला. कलंक गेला तो माणसाने माणसाला स्पर्श केल्यामुळे.

घराने काय करावे, हेही या इतिहासातून शिकता येते. नशेत असलेल्याशी वाद घालू नये, बोलावयाचे ते सकाळी तो शुद्धीवर असताना बोलावे. त्याची कर्जे फेडून, त्याच्या वरिष्ठांना खोटी कारणे सांगून त्याच्या रोगाला आडोसा देऊ नये. घरातील स्त्री व मुले यांची सुरक्षितता आधी पाहावी, कारण रोग्यावर दया करणे म्हणजे त्याचा मार सोसणे नव्हे. उपचाराचा रस्ता माहीत करून घ्यावा आणि तो एकदा नाही म्हणाला तरी दुसऱ्यांदा दाखवावा. आणि तो बरा होऊन आला म्हणजे त्याला काम द्यावे, पंगतीत पान मांडावे, लग्नाकार्यात बोलवावे. सुधाकराला जे मिळाले नाही ते त्याला मिळावे.

भिलाईची पहिली भट्टी पेटली त्या वर्षी अफूच्या नोंदवहीत ज्यांची नावे लिहिली गेली, त्यांपैकी कोणाचेही नाव आज कोणाच्या स्मरणात नाही. भट्टी पेटविणाऱ्यांची नोंद इतिहासाने ठेवली. परंतु त्या नोंदवहीच्या एका रकान्यात, कोणा अज्ञात डॉक्टरच्या सहीशेजारी, एका राष्ट्राने पहिल्यांदाच असे मान्य केले होते की, न सुटणारी सवय असलेला हा माणूस शिक्षेचा नव्हे, औषधाचा धनी आहे. तेव्हा तो रकाना अपवादापुरता होता. तो नियम व्हावा, एवढेच काम शिल्लक आहे.